लाईट गेल्यावरची भाकरी

आधी मावशीचं सांगतो, काय झालं ते नंतर. जे झालं ते सांगायला बसलो की मी उठून दुसऱ्याच कामाला लागतो. मावशीचं सांगायला घेतलं तर निदान पहिला शब्द तरी बाहेर पडतो.

मावशी वळ गावची. डोक्यावर पाटी घेऊन भिवंडीत यायची आणि आमच्या कारखान्याच्या दारासमोर, गटारावर टाकलेल्या फरशीवर बसायची. पाटीत फडक्यात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकरी, एका डब्यात जवळ्याची चटणी, दुसऱ्यात कधी वांगं, कधी वाल. ती माझ्या नात्याची ना गोत्याची. मी मराठवाड्यातला, आठवीतून शाळा सोडलेला. ती खाडीकडची. पहिले काही महिने तिची अर्धी बोली मला कळत नव्हती आणि माझं बोलणं ऐकून तिला हसू यायचं. तरी या शहरात मी माणसात राहिलो तो तिच्यामुळे. मला कुणाचे उपकार मानायचे असतील तर पहिले तिचे. मग दादाचे. दादाचे मानायला अजून तोंड झालेलं नाही.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो माझ्याआधी सहा वर्षं भिवंडीत होता, चार लूम, म्हणजे विजेवरचे माग, एकटा सांभाळायचा. मी गणितात आणि इंग्रजीत राहिलो, पुन्हा त्याच वर्गात बारक्या पोरांशेजारी बसायची लाज वाटली, म्हणून शाळा सोडली. पुढची चार-पाच वर्षं गावात मिळेल ते काम केलं. एका दिवाळीला दादा आला तेव्हा त्याची आई, माझी काकूच त्याला म्हणाली, "याला घेऊन जा. इथं राहिला तर नुसता घाबरून घाबरून म्हातारा होईल." दादा हसला आणि मला घेऊन आला.

घाबरट तर मी होतोच. कारखान्यात पहिल्यांदा शिरलो तेव्हा बारा लूमचा आवाज छातीत घुसला आणि मी उंबऱ्यावरच उभा राहिलो. दादा कानाशी येऊन ओरडला, "आठ दिवसांनी ऐकू येणार नाही!" मला वाटलं, बहिरा होणार म्हणतोय. त्याला म्हणायचं होतं, सवय होईल.

लूम चालवायला यायच्या आधी मला कांडीवर बसवलं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायचं मशीन दाराजवळ होतं आणि त्याच भिंतीवर कारखान्याचा मेन, म्हणजे सगळ्या लूमची वीज एकदम तोडणारा दांडा. लाईट गेली की तो पाडायचं काम माझं होतं.

हे नीट सांगतो, कारण सगळं इथंच आहे. प्रत्येक लूमला स्वतःचा खटका असतो. पण आमच्याकडे लाईट गेल्यावर तो कुणी पाडत नसे. बारा लूमचे खटके पाडा, लाईट आली की पुन्हा एकेक लावा, यात वेळ जायचा. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी असलेल्या माणसाला तेवढा वेळही जड जातो. म्हणून खटके तसेच ठेवायचे आणि एकच मेन पाडायचा. लाईट आली, माणसं आपापल्या लूमपाशी पोहोचली, की मुकादम ओरडणार, "सब आ गए क्या?" मग मी दांडा वर ढकलणार आणि बाराच्या बारा लूम एका दमात सुरू. त्या एका क्षणाचा मला अभिमान वाटायचा. आठवी नापास माणसाच्या हातून बारा लूम चालू होतात, ही गोष्ट मी गावाकडे फोनवरसुद्धा सांगितली होती.

पहिल्या महिन्यात मेन पाडून बाहेर आलो की मी दोनदा परत जाऊन बघायचो. सगळे हसायचे. दादाही म्हणायचा, "येड्या, लोखंडाचा दांडा आहे तो. आपल्या आपण वर चढत नाही." त्या हसण्याची लाज वाटून मी परत जाऊन बघायचं सोडलं. माणसाची एखादी भीती त्याच्या कामाची असते, हे तेव्हा कुणीच म्हणालं नाही.

ती वर्षं लाईट जायची होती. रोज जायची, कधी सकाळी, कधी भर दुपारी, पण संध्याकाळची ठरलेली. भिवंडीत आवाजानं कुणी दचकत नाही, आवाज थांबला की दचकतात. सहाच्या सुमाराला एकदम सगळी गल्ली गप्प व्हायची. मग कारखान्या-कारखान्यातून माणसं बाहेर पडायची, केसांत आणि भुवयांवर कापसाचा पांढरा भुगा घेऊन, जणू सगळेच एका तासात म्हातारे झालेत. आणि त्या अंधारात बाजार लागायचा. गॅसबत्त्या पेटायच्या, कुणाचा रॉकेलचा कंदील, कुणाची कापलेल्या बाटलीत उभी केलेली मेणबत्ती. लाईट असली की त्या गल्लीत काही विकलं जात नसे, कारण बाहेर यायला माणूसच मोकळा नसे. सगळा धंदा अंधारावर.

कोपऱ्यावर लिट्टीवाले चाचा. शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले सत्तू भरलेले कणकेचे गोळे फडक्यात धरून ते हातानं फोडायचे, वर तूप सोडायचे आणि येणाऱ्याला विचारायचे, "कितना मीटर भया आज?" कुणी म्हणालं, चाचा, लाईट कधी येणार, तर ठरलेलं उत्तर: "मायके गई है भइया. रूठ के गई है, मना के लाना पड़ेगा." त्यांच्या शेजारी तेलुगू अण्णा, इडलीच्या आंबलेल्या पिठाची गोल भजी तळायचे. ते फारसं बोलायचे नाहीत. भजी मोजताना मात्र त्यांच्या भाषेत आकडे म्हणायचे, आणि पाचावर एक जास्तीचं टाकलं की तेवढ्यापुरतं हसायचे. मला सगळंच आवडायचं. दिवसभर सुताच्या धुळीनं तोंड आतून कोरडं झालेलं असायचं, पहिल्या घासाला कापसाचीच चव यायची, दुसऱ्या घासापासून जेवण.

पण माझी खरी जागा मावशीसमोर. पहिल्या दिवशी दादानं मला तिच्यापुढं बसवलं आणि मी जवळ्याच्या वासानंच उठून गटाराकडे पळालो. आमच्या घरी सुकी मासळी कधी शिजली नव्हती. मावशी खदाखदा हसली.

"कुठनं आनलास रं हा बामन?"

दादा म्हणाला, "बामन नाही मावशी, नुसता नाजूक आहे."

"मंग वाल खा. उंद्या जवला खाशील. या गावात जवला नाय खाल्ला तर उपाशी मरशील, बाला."

तिसऱ्या दिवशी मी जवळा खाल्ला. महिन्याभरात मागून घ्यायला लागलो. फक्त भाकरीवरून आमचं भांडण राहिलं. तांदळाच्या पांढऱ्या मऊ भाकरीला मी भाकरी म्हणायला तयार नव्हतो. "मावशी, हा तर रुमाल आहे," मी म्हणायचो. "आमच्याकडं ज्वारीची असते. पापुद्रा सुटलेली."

"ती काली भाकर? ती तर गुरांचं खानं."

"एकदा खाऊन बघ. मग तुझी ही गुरांना घालशील."

"मंग आन की पीठ! नुसता तोंडानं थापतंस. दिवालीला गावाला जाशील तवा आन. मी बसून खाईन, तू थापून वाढ. मना मेलीला कोन बसवून वाढतंय जल्मात?"

"आणतो," मी म्हणालो. दादा साक्षीला होता.

तिच्याकडं दोन रीती होत्या आणि सगळी गल्ली त्या पाळायची. भाकरी मोजक्या असायच्या. म्हणून आल्या-आल्या आपली खूण पाटीच्या काठाला रांगेत ठेवायची, तोच नंबर. लूमवाले धागा तोडायची आपली छोटी कातरी ठेवायचे. प्रत्येकाच्या कातरीला वेगळ्या रंगाचं सूत बांधलेलं, दादाच्या कातरीला हिरवं. माझ्याकडं कातरी नव्हती, मी रिकामी कांडी ठेवायचो. दुसरी रीत अशी की जेवता-जेवता लाईट आली तर ताट तिथंच टाकून पळावं लागे. मग मावशी त्यावर दुसरं ताट उपडं घालायची आणि वर त्याची खूण ठेवायची. उद्या-परवा नाही, त्याच दिवशी, सुट्टी झाल्यावर माणूस येऊन ते उघडायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. मावशीसुद्धा लावायची नाही. एकदा एकाच्या ताटाला मुंग्या लागलेल्या दिसत होत्या, तरी तिनं त्यालाच हाक मारून बोलावलं. "ताट ज्याचं त्यानं उघडायचं," म्हणाली.

त्या दिवशी लाईट जायच्या थोडं आधी दादाच्या एका लूमचा धोटा मध्येच अडकला आणि ताण्याचे शे-दीडशे उभे धागे तुटले. दादा शिव्या देत जोडायला वाकला, तेवढ्यात लाईट गेली. बाकीचे बाहेर पडले. दादानं खिशातून बॅटरी काढली, ती दातांत धरली, मग पुन्हा हातात घेतली आणि कातरी माझ्याकडं फेकली.

"बारक्या, पळ. दोघांचा नंबर लाव. काल त्या चौथ्या लूमवाल्यानं आपल्या भाकरी खाल्ल्या."

"तुला कातरी नको?"

"गाठी मारायच्यात, दात आहेत. पळ!"

मी पळालो. मला खूप भूक लागली होती, आणि काल नंबर चुकला म्हणून दादा चहावर राहिला होता, तेही मनात होतं. दाराबाहेर पडून दोन पावलं गेलो असेन, मागून दादाचा आवाज आला.

"मेन?"

"पाडला!" मी ओरडलो.

मी पाडला नव्हता.

ते खोटं नव्हतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. रोज पाडायचो, म्हणून आजही पाडलाच असणार, असं तोंडानं परस्पर ठरवून टाकलं. हाताला विचारलंच नाही. पण खोटं बोलायचं ठरवून बोललं काय आणि न ठरवता बोललं काय, ऐकणारा तर त्याच शब्दावर हात आत घालतो.

पाटीच्या काठाला हिरव्या सुताची कातरी आणि माझी कांडी लागली. चौथा आणि पाचवा नंबर. चाचांनी कोपऱ्यावरून विचारलं, "तेरा भाई कहाँ है?" मी म्हणालो, "ताना जोड़ रहा है." चाचा म्हणाले, "जोड़ने दे, आज तो दो घंटा गई." माझा नंबर आला. मावशीनं दादाचं ताट आधी वाढलं, त्यावर ताट घातलं, वर कातरी ठेवली, आणि मग माझं वाढलं. मी पहिला घास मोडला आणि लाईट आली.

वीस मिनिटांतच आली. असं कधी होत नसे. खांबावरचा दिवा लागला, पोरं ओरडली, "आली रे!" माणसं ताटं खाली ठेवायला लागली, कुणी घाईघाईनं शेवटचा घास कोंबत होतं. अजून एकही कारखाना सुरू झाला नव्हता, कारण सगळीकडचे मेन खाली आणि माणसं बाहेर. सगळी गल्ली उजेडात गप्प उभी. आणि तेवढ्या शांततेत फक्त आमच्या कारखान्यातून आवाज सुरू झाला. खटखट, खटखट. माणूस नसलेले लूम आपले आपण चालू झाले होते.

मावशीचा हात डब्यात तसाच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग दादा ओरडला.

मी त्याच्यापर्यंत कधी पोहोचलो ते मला आठवत नाही. मेन कुणी तरी दुसऱ्यानंच पाडला. दादा जमिनीवर बसला होता आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडं असं बघत होता, जणू तो कुणी तरी त्याला धरायला दिलेला आहे. मी नुसता उभा. मावशी आत आली. आजवर तिनं कारखान्याचा उंबरा ओलांडला नव्हता. तिनं भाकरीचं फडकं, धुतलेलं, अजून कोमट असलेलं, दादाच्या हाताला गच्च बांधलं, त्याच्या काखेत खांदा घातला आणि मला म्हणाली, "रिक्षा!" एवढा एकच शब्द. मी रिक्षा आणली. ती आमच्याबरोबर दवाखान्यात आली, पाटी तशीच फरशीवर टाकून. रात्र पडली तरी बाकावरून हलली नाही. शेवटची गाडी चुकली तिची. घरचे वाट बघत असतील, असं मी म्हणालो नाही. मला सुचलंच नाही.

दादाची दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण वाकत नव्हतं. अंगठ्याजवळच्या त्या दोन बोटांवरच विणकराचं सगळं असतं. गाठ तीच मारतात.

दुसऱ्या दिवशी मुकादम दवाखान्यात आला. खाटेपाशी उभा राहून त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. "कांडीवाले, मेन कौन गिराने वाला था? तू ना?"

मी दादाकडं बघितलं. दादा छताकडं बघत होता.

"मीच म्हणालो त्याला, तू पळ, मी पाडतो," दादा म्हणाला. "आणि विसरलो."

मुकादमानं एक क्षण वाट पाहिली. "पक्का?"

"पक्का."

"मग शेठ काय करणार? तुझी गलती तू बोलतो."

बाहेर जाताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी आभार मानल्यासारखी मान हलवली. ती मान मला अजून आठवते.

शेठनं दवाखान्याचं भागवलं आणि विषय संपला. स्वतःच्या चुकीनं हात गेलेल्या माणसाला आणखी काय द्यायचं? दादानं एकच मागितलं. माझ्या लूमवर याला घ्या, शिकलाय तो. त्यांनी घेतलं. म्हणजे दादाचा हात गेला आणि मला चार लूम मिळाले.

तो गावी निघाला तेव्हा मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पिशवी त्यानं डाव्या हातात धरली होती, मला दिली नाही. गाडी लागेपर्यंत तो जेवणाबद्दल बोलत राहिला, वेळेवर खा, चहावर राहू नको. मी मनात म्हणत होतो, आता बोल. ही गाडी मागं-पुढं होतेय तेवढ्यात बोल. दादा पायरीवर चढला आणि वळून म्हणाला, "मेन पाडल्यावर एकदा परत जाऊन बघत जा. हसू दे कुणाला हसायचं ते."

"हो," मी म्हणालो.

तेवढंच. गाडी गेली.

त्यानंतर मी मावशीकडं जायचं बंद केलं. लाईट गेली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायचो, कोरडा पाव खायचो आणि अंधारात उभा राहायचो. कुणी विचारलं की सांगायचो, दादा म्हणाला होता, मी पाडतो, आणि विसरला बिचारा. दहा जणांनी विचारलं, दहा वेळा सांगितलं. दहाव्यांदा सांगताना मला दादाचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. तू पळ, मी पाडतो. तसंच झालं असेल, असं वाटायला लागलं. शपथेवर विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं.

एका संध्याकाळी लाईट गेली आणि मी दारातून निघालो, तर मावशीनं पाटीमागून हाक मारली. "ए बाला. हितं ये."

गेलो. तिच्यापुढं एक ताट झाकलेलं होतं आणि वर हिरव्या सुताची कातरी.

"ह्यात काय नाय," ती म्हणाली. "अन्न मी दुसऱ्या दिशी काढलं. पन ताट तसंच ठेवते. रोज धुते, रोज ठेवते. सांग, किती दिस ठेवू?"

मी खाली बसलो आणि पाठ केलेलं बोलायला लागलो. "मावशी, दादा मला म्हणाला होता, तू पळ, मी..."

"गप."

आवाज चढवला नाही तिनं. पण अण्णांनी झारा थांबवला आणि आमच्याकडं बघितलं.

"मी हितंच बसलेली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "लाईट गेल्यावर या गल्लीत उंदीर शिंकला तरी ऐकू येतो. त्यानं इचारलं, मेन? आन तू वरडलास, पाडला. बाकीच्यांना सांगायचं ते सांग. मना नको सांगू. आन सोताला तर अजिबात नको. सोताला सांगशील त्या दिशी तू संपलास, बाला."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. मी तिचे पाय धरले आणि काय म्हणालो? म्हणालो, "कुणाला सांगू नको, मावशी." दादाचं नाव नाही, चुकलो नाही, तेच पहिलं तोंडातून आलं.

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "त्यानं झाकलंय. मी कोन उघडनार? ताट ज्याचं त्यानं उघडायचं. जा, गावाला जाऊन त्याच्या तोंडावर बोल. तो शिव्या देईल, मारील, नायतर कायच नाय बोलनार. कायपन होईल. पन जा."

मग तिनं कातरी माझ्या हातात दिली, रिकामं ताट सरळ केलं आणि त्यातच मला वाढलं. भाकरी, जवळा, आणि त्या दिवशी माझ्यासाठी वेगळे ठेवलेले वाल. "जेव आता. दोन हप्ते नुसता पाव खातंस. मना काय दिसत नाय का?"

जेवलो. ती बघत होती म्हणून शेवटच्या घासापर्यंत जेवलो. पुढची दोन वर्षं, लाईट गेली की तिच्यासमोर जेवलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. दिवाळीत मात्र नुसतं म्हणायची, "पीठ?" आणि मी म्हणायचो, "या वर्षी सुट्टी नाही, मावशी." सुट्टी होती. मी खोलीत झोपून काढली. काकूचा फोन आला की विचारायचो, दादा कसा आहे. "बसून असतो," ती सांगायची. "डाव्या हातानं जेवायला शिकला. लोक म्हणतात, एवढा शहाणा माणूस, मेन कसा विसरला." मी फोन ठेवायचो.

मग हळूहळू लाईट जायची कमी झाली. सगळ्यांना आनंद झाला. मलाही व्हायला हवा होता. पण लाईट जायची थांबली आणि गल्लीतला बाजार उठला. चाचा त्यांच्या मुलाकडं गेले, अण्णांनी दुसरीकडं कुठं तरी गाडी लावली. मावशी काही दिवस येऊन बसली. आतून बारा लूम चालू, बाहेर कुणी नाही. भाकरी तशाच परत न्यायला लागल्या. एके दिवशी ती आली नाही. वळ गावात शेतांवर गोदामं उभी राहत होती, तिचं काय झालं कुणाला ठाऊक नव्हतं. मी जाऊन विचारू शकलो असतो. रिकाम्या हातानं कसा जाऊ, असं म्हणून गेलो नाही.

ती मला एकदाच भेटली, पुढं तीन-चार वर्षांनी, अंबाडी गावच्या नाक्यावर. मी कापडाच्या टेम्पोबरोबर वाडा गावाला चाललो होतो. रस्त्याकडेला गोणपाटावर ती सुकी मासळी घेऊन बसली होती. केस पांढरे झाले होते, आणि ते कापसाच्या भुग्यानं नव्हे. मी समोर उभा राहिलो. तिनं कपाळावर हात धरून माझ्याकडं पाहिलं.

"आनलास का पीठ?"

"नाही, मावशी."

"मंग कशाला आलास?" ती हसली, पण लगेच हसायची थांबली. "गेलास तरी का गावाला?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं वर्तमानपत्राच्या कागदात मूठभर जवळा बांधला आणि माझ्या हातात ठेवला. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मी चढलो.

गावाला अजून गेलो नाही. मी रोज खोलीला कुलूप लावून दोनदा परत येतो, गॅसचा कॉक तीनदा बघतो, आणि जिथं परत जाऊन बघायला हवं होतं तिथं एकदाही गेलो नाही. कातरी माझ्याकडं आहे. हिरवं सूत विटून पिवळट झालं आहे. दादा आता तिचं काय करणार, ती त्याच्या बोटात बसणारसुद्धा नाही, हे मला कळतं. तरी ती त्याची आहे. मी बोललो म्हणून त्याला बोटं परत येणार नाहीत. गावातली माणसं आपलं म्हणणं बदलतील असंही नाही, आणि एवढ्या वर्षांनी दादा माझ्याशी बोलेल असं मला खरंच वाटत नाही. यातून काही चांगलं निघेल असं म्हणणारा माणूस मी नव्हे.

पण मावशी, मी भाकरी थापायला शिकलोय. आधी तुटायची, आता पापुद्रा सुटतो. बाजारातल्या पिठाची करतो, ते चालायचं नाही हे मला माहीत आहे. मी गावाला जाईन. आधी दादासमोर कातरी ठेवीन आणि "पाडला नव्हता" एवढं म्हणेन, मग तो उठून गेला तरी चालेल. काकूनं दळून दिलं तर तिचं, नाही दिलं तर गावच्या गिरणीतलं, पण आमच्याच ज्वारीचं पीठ घेईन आणि वळ गावाला येईन. तू तिथं नसलीस तर अंबाडीला येईन. तू खाली बसशील, मी चूल पेटवीन. तू पोट भरेपर्यंत बसून खाशील आणि मी थापून वाढीन. तुला जन्मात कुणी बसवून वाढलं नाही म्हणालीस ना? मी वाढीन.